थकलेल्या भाड्याची नोटीस : नव्वद दिवसांचा हिशेब

घरमालकाच्या वकिलाचा लिफाफा दारात आला की आपल्या घरातून पहिली धावपळ होते ती लिफाफा लपवण्याची. नवऱ्याला कळले तर तो चिडेल म्हणून बायको तो गादीखाली सरकवते. म्हाताऱ्या आईचे ब्लडप्रेशर वाढेल म्हणून मुलगा तो डब्याच्या पिशवीत टाकतो. काही घरांतून तर पोस्टमनलाच "मालक गावी गेलेत, पुढच्या महिन्यात या" असे सांगून परत धाडले जाते. भाडेकरूंच्या कामासाठी वस्त्यांतून फिरताना आम्ही एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे. नुसती नोटीस आली म्हणून कोणाचे घर गेल्याचे आम्हाला ठाऊक नाही. नोटीस आल्यावर गप्प बसल्यामुळे घर गेलेली कुटुंबे मात्र आम्ही बरीच पाहिली आहेत.

आम्ही वकील नव्हे, कारकून माणसे. दिवसभर दुसऱ्यांचा जमाखर्च तपासायचा आणि संध्याकाळी वस्तीतल्या लोकांचे कागद वाचून द्यायचे, हा आमचा शिरस्ता. पण भाड्याचा तंटा निम्मा कायद्याचा आणि निम्मा हिशेबाचा असतो. हिशेबाची बाजू नीट मांडली तर कायद्याची बाजू वकिलालाही सोपी जाते. म्हणून हा प्रपंच.

पूर्वी मुंबई-पुण्याकडे १९४७ चा मुंबई भाडे कायदा होता. विदर्भ आणि मराठवाड्यात वेगळे कायदे होते. ३१ मार्च २००० पासून त्या सर्वांच्या जागी 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९' हा एकच कायदा आला. त्यातील कलम १५ प्रत्येक भाडेकरूने समजून घ्यावे असे आहे. भाडेकरू जोपर्यंत स्टँडर्ड रेंट, म्हणजे प्रमाणभूत भाडे, आणि कायद्याने मान्य केलेली वाढ देत आहे किंवा देण्यास तयार व राजी आहे, आणि भाड्याच्या बाकीच्या अटी पाळत आहे, तोपर्यंत मालकाला जागेचा ताबा मागता येत नाही, असे ते कलम सांगते. (ताबा मागण्याची इतरही काही कारणे कायद्यात आहेत, त्यांचे पुढे पाहू.) येथे 'देत आहे' याच्या जोडीने 'देण्यास तयार आहे' असेही म्हटले आहे, हे ध्यानात ठेवावे. तुम्ही पैसे घेऊन गेलात आणि मालकाने घेतले नाहीत तर दोष तुमचा नाही. मात्र तुम्ही गेला होतात हे कागदावर दिसले पाहिजे.

थकलेल्या भाड्यासाठी मालकाला ताब्याचा दावा लावायचा असेल तर त्याने आधी लेखी नोटीस देऊन भाडे मागितले पाहिजे. ती नोटीस भाडेकरूला बजावल्यापासून ९० दिवस पुरे होईपर्यंत त्याला दावा लावता येत नाही. जुन्या कायद्यात ही मुदत एका महिन्याची होती. अजूनही चाळीतील जुनी जाणती माणसे "महिन्याच्या आत भर बाबा" असे सांगतात ते त्यामुळेच. त्यांचा सल्ला आता कायद्याने चुकीचा असला तरी व्यवहाराने मुळीच चुकीचा नाही.

आता हे ९० दिवस मोजायचे कसे? पुष्कळ लोक नोटिशीवर छापलेल्या तारखेपासून मोजतात. मुदत मोजायची ती नोटीस बजावली गेल्या दिवसापासून. म्हणून लिफाफा हातात पडताच त्याच्या पाठीवर पेनाने तारीख लिहावी आणि लिफाफा नोटिशीला टाचून ठेवावा. फाडून फेकू नये. पोस्टाचा शिक्का हाही पुरावाच असतो. नोटीस कशी द्यावी हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ मध्ये दिले आहे. ती लेखी असावी, तिच्यावर सही असावी, आणि ती पोस्टाने यावी किंवा भाडेकरूच्या हाती, नाही तर घरी त्याच्या कुटुंबातील माणसाच्या वा नोकराच्या हाती द्यावी. ते शक्य नसेल तर जागेवर ठळकपणे दिसेल अशी चिकटवावी. म्हणजे बायकोने घेतली किंवा आईने घेतली तरी ती तुम्हालाच मिळाली.

आणि परत पाठवली तर? अशी नोटीस टळत नाही, उलट गळ्यात पडते. बरोबर पत्त्यावर पोस्टाने पाठवलेले टपाल पोचले असे कायदा गृहीत धरतो आणि पोस्टमनच्या 'घेण्यास नकार' या शेऱ्याला कोर्टात वजन असते. म्हणजे ९० दिवस तर सुरू झाले, आणि आत काय लिहिले होते ते मात्र आपल्याला माहीत नाही. याहून वाईट अवस्था दुसरी नाही. भगिनींना आमची विशेष विनंती आहे, कारण दुपारी दार त्याच उघडतात. टपाल घ्या. सही केल्याने कर्ज कबूल होत नाही, लिफाफा मिळाला एवढेच कबूल होते.

अलीकडे काही मालक फोनवर व्हॉट्सअॅपने नोटिशीचा फोटो पाठवून मोकळे होतात. कलम १०६ मध्ये सांगितलेल्या पद्धतींत ती पद्धत नाही. तरी असा फोटो आला तर पुढे काय येणार आहे हे समजून त्याच दिवसापासून पैशाच्या तयारीला लागावे.

नोटीस घेतली, तारीख लिहिली. आता ती वाचावी. वकिलाची भाषा भीती वाटावी अशीच असते. "सात दिवसांत खोली खाली करून द्यावी, अन्यथा होणाऱ्या परिणामांस तुम्ही जबाबदार राहाल" असे लिहिलेले असते. ते वाक्य बाजूला ठेवावे आणि आकडे शोधावेत. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत भाडे मागितले आहे? दरमहा कोणत्या दराने? त्यात पाणीपट्टी, घरपट्टी, दुरुस्ती अशी आणखी कोणती नावे घातली आहेत? नोटीस कोणाच्या नावाने आहे?

आमच्या माहितीतील एका गिरणी कामगाराच्या विधवा पत्नीला अशी नोटीस आली होती. ३६ महिन्यांचे भाडे, दरमहा ४०० रुपये, एकूण १४,४०० रुपये, त्यावर शेकडा २४ ने व्याज आणि नोटिशीचा खर्च १,५०० रुपये. बाई दोन दिवस जेवली नव्हती. मुलीच्या सोन्याच्या रिंगा मोडायला निघाली होती. आम्ही तिला म्हटले, मावशी, आधी पावत्या काढा. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात रेशनकार्ड, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, मुलांची लसीची कार्डे यांच्यात पावत्या निघाल्या. दोन संध्याकाळी बसून आम्ही त्या महिन्यांप्रमाणे लावल्या. नोटिशीतल्या ३६ महिन्यांपैकी १४ महिन्यांच्या पावत्या हातात होत्या. म्हणजे भाडे दिलेले होते आणि तरी पुन्हा मागितले होते. राहिले २२ महिने. शेवटच्या पावतीवर भाडे २५० रुपये. ४०० हा आकडा कोठून आला, त्याचा नोटिशीत पत्ता नव्हता.

येथे कायद्याचे कलम ११ उपयोगी पडते. मालकाला भाड्यात दरवर्षी शेकडा ४ वाढ करता येते. घराची सुधारणा किंवा मोठी दुरुस्ती केली असेल तर त्यासाठी वेगळी वाढ कायद्यात आहे, आणि महापालिकेने कर वाढवला तर तोही त्याला मागता येतो, पण त्याचा हिशेब त्याने दाखवला पाहिजे. २५० रुपयांवर शेकडा ४ म्हणजे १० रुपये. तीन वर्षे ओळीने वाढ धरली तरी २५० चे २८१ रुपये २२ पैसे होतात, ४०० होत नाहीत. आम्ही सगळे २२ महिने सरसकट २८२ रुपयांनी धरले. रक्कम झाली ६,२०४ रुपये. एवढी वाढ देणे तिला बंधनकारक होते का, याबद्दल वाद घालता आला असता. २५० च्या दराने ५,५०० रुपयेच होत होते. पण ७०४ रुपयांसाठी राहते घर पणाला लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पैसे थोडे जास्त भरावेत आणि सोबतच्या पत्रात 'आमचे हक्क राखून व वाढीबाबतची तक्रार कायम ठेवून' असे लिहावे. शेकडा २४ व्याजाचे म्हणाल तर नोटिशीच्या टप्प्यावर कलम १५ भाडे आणि मान्य वाढ यांच्याचविषयी बोलते.

दोन हिशेबांत फरक फारच मोठा असेल, आणि दरमहाचे भाडेच नेमके किती हा खरा वाद असेल, तर कलम ८ खाली प्रमाणभूत भाडे ठरवून मागण्याचा अर्ज कोर्टात करता येतो. नोटीस आल्यानंतर भाडेकरूने असा अर्ज केला तर तूर्त किती रक्कम भरायची ते कोर्ट ताबडतोब ठरवून देते. ती भरली नाही तर अर्ज निकालात निघतो. तेव्हा 'अर्ज केला, आता भाडे भरायला नको' असे कोणी सांगितले तर ऐकू नये.

तीन वर्षांहून जुन्या भाड्याबद्दल नेहमी विचारले जाते. मुदतीच्या कायद्याप्रमाणे थकलेल्या भाड्याच्या वसुलीचा दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. पण पैसे वसूल करण्याचा दावा वेगळा आणि घराचा ताबा मागण्याचा दावा वेगळा. 'जुने भाडे आता बुडाले' असे समजून ते हिशेबातून परस्पर गाळू नये. त्याबाबत वकिलाला विचारूनच काय ते करावे.

आता पैसे भरण्याचे. मेहताजीच्या हातात नोटा ठेवून "पावती उद्या देतो" हे ऐकून परत येणे आता बंद करावे. कलम ३१ प्रमाणे पैसे घेतल्याबरोबर लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक आहे, न दिल्यास दंडाची तरतूद आहे. पण दंड होईल तेव्हा होईल, आपल्याला आज कागद हवा. मालक चेक घेत असेल तर चेकने द्यावे, मात्र खात्यात शिल्लक आहे याची खात्री करून. न वटलेला चेक म्हणजे न भरलेले भाडे. बँकेतून किंवा मोबाईलवरून मालकाच्या खात्यात भरता येत असेल तर कोणत्या महिन्याचे भाडे ते तेथेच लिहावे आणि बँकेच्या उताऱ्याची प्रत काढून ठेवावी. मोबाईल हरवतो, कागद डब्यात राहतो.

आणि मालक घेतच नसेल तर? ही आजची सर्वांत मोठी तक्रार आहे. जुनी चाळ पाडून टॉवर उभारायचा बेत शिजला की काही ठिकाणी पहिल्यांदा काय बंद होते, तर भाडे घेणे. मेहताजी येईनासा होतो. ऑफिसात गेलो तर "शेठ बाहेर आहेत". भाडेकरूला वाटते, बरे झाले, दोन पैसे वाचले. दीड-दोन वर्षे अशी गेली की एक दिवस थकबाकीची नोटीस दारात येते. मुंबईत १९६९ पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास होतो तेव्हा भाडेकरूला सध्याच्या नियमांप्रमाणे किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचे घर मिळते. तुमच्या २५० रुपयांच्या भाड्याला आज किती किंमत आहे ते यावरून समजावे. मालकाला ते चांगले समजलेले असते.

अशा वेळी पोस्टाची मनीऑर्डर हे गरिबाचे जुने आणि खात्रीचे साधन आहे. मनीऑर्डरच्या संदेशात खोली क्रमांक, भाडेकरूचे नाव आणि कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंतचे भाडे ते लिहावे. मालकाने घेतली तर पोच येते. नाकारली तर पैसे परत येतात आणि नकाराची नोंद होते. ही परत आलेली मनीऑर्डर सोन्यासारखी जपावी. 'देण्यास तयार व राजी' असे कायदा म्हणतो त्याचा तो पुरावा आहे. एकदा परत आली म्हणून थांबू नये. दर महिन्याला नाही जमले तर दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा पाठवावी, आणि परत आलेले पैसे घरखर्चात न मिसळता वेगळे ठेवावेत. वर सांगितलेल्या मावशींनी ६,२०४ रुपये असेच पाठवले होते. ते पहिल्यांदा परत आले. दुसऱ्यांदा पाठवल्यावर मालकाने घेतले. दावा काही लागला नाही.

पैशाबरोबर नोटिशीला उत्तरही द्यावे. उत्तर लांबलचक नको. नोटीस अमुक तारखेला मिळाली, अमुक महिन्यांचे भाडे पावती क्रमांक अमुक प्रमाणे दिलेले आहे, उरलेल्या महिन्यांचे भाडे अमुक तारखेला पाठवले आहे, बाकी मागणी मान्य नाही, एवढे पुरे. २०२५ मध्ये पोस्टाचे रजिस्टर स्पीड पोस्टात विलीन झाले, तेव्हा आता पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावे आणि आपल्याकडे प्रत ठेवावी. शेजाऱ्याने सांगितले म्हणून उत्तरात मालकाला शिव्या देणे, किंवा 'मी भाडेकरू नाही, खोली माझ्या मालकीची आहे' असे काहीतरी ठोकून देणे, हे दोन्ही महागात पडते.

समजा हे काहीच झाले नाही. ९० दिवस गेले आणि कोर्टाचे समन्स आले. मुंबईत लघुवाद न्यायालयाचे, म्हणजे धोबीतलावच्या किंवा वांद्र्याच्या स्मॉल कॉज कोर्टाचे. बाहेरगावी बहुतेक ठिकाणी दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांचे. तरीही घर गेलेले नसते. समन्स बजावल्यापासून ९० दिवसांच्या आत सगळे थकलेले भाडे आणि मान्य वाढ, त्यावर वर्षाला शेकडा १५ ने सरळव्याज, एवढे कोर्टात भरले, दाव्याचा निकाल लागेपर्यंत पुढचे भाडे नियमितपणे भरत राहिले आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून घर खाली करण्याचा हुकूमनामा कोर्ट देत नाही.

व्याजाचा आकडा ऐकून घाबरायचे कारण नाही. भाडे ३०० रुपये आणि थकले १८ महिने असे धरू. मुद्दल ५,४०० रुपये. शेकडा १५ म्हणजे ३०० रुपयांवर महिन्याला ३ रुपये ७५ पैसे. सर्वांत जुना महिना १८ महिने थकलेला, सर्वांत नवा एक महिना. १ पासून १८ पर्यंतची बेरीज १७१. १७१ गुणिले पावणेचार म्हणजे ६४१ रुपये २५ पैसे. एकूण भरायचे ६,०४१ रुपये २५ पैसे. दहा-वीस रुपये वर गेले तरी चालतील, एक रुपया कमी पडता कामा नये.

खरी गोम पुढे आहे. 'नियमितपणे' हा शब्द. पहिली मोठी रक्कम लोक उसनवार करून, भिशी उचलून भरतात. मग वाटते, झाले आता. पुढच्या महिन्याचे भाडे राहते, मग गणपती, मग शाळेची फी. दावा चार-सहा वर्षे चालतो आणि निकालाच्या वेळी मालकाचा वकील कोर्टातून भरण्याचा तक्ता काढून दाखवतो की मधले सात महिने भरलेलेच नाहीत. जुन्या कायद्यातही अशीच तरतूद होती आणि ती काटेकोर पाळावी लागते असेच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेले आहे. गरिबी, आजारपण, लग्नकार्य ही कारणे तेथे चालत नाहीत. आम्हाला हे कडक वाटते, पण आपल्याला वाटून काय उपयोग? घरातल्या एका माणसावर हे काम सोपवावे. आमचा अनुभव असा की सुनेकडे किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडे दिले तर चुकत नाही.

कोणी असेही म्हणतात की लॉकडाऊनमधले भाडे सरकारने माफ केले होते. तसे नाही. १७ एप्रिल २०२० रोजी राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकलण्यास आणि त्या काळात थकबाकीसाठी कोणाला बाहेर न काढण्यास सांगितले होते. पुढे ढकलणे म्हणजे माफी नव्हे.

आता घरातल्या घरातली गोष्ट. पुष्कळ पावत्या अजून वडिलांच्या नावाने आहेत आणि वडील जाऊन दहा-पंधरा वर्षे झाली. नोटीसही मयताच्या नावाने येते. मग तीन भाऊ तीन तऱ्हेने विचार करतात. खोलीत राहणारा म्हणतो, नाव बापाचे आहे, मी का भरू? कल्याणला गेलेला म्हणतो, राहतो तो भरेल. तिसरा काहीच म्हणत नाही. भाडे मात्र थकते. कायद्याप्रमाणे भाडेकरू वारला तर मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर त्या घरात राहत असलेला कुटुंबीय भाडेकरू होतो. तसा कोणी नसेल तर वारस. आपसात एकमत नसेल तर कोर्ट ठरवते. म्हणून राहणाऱ्याने आपले नाव लावून घेण्यासाठी मालकाला पत्र द्यावे, आणि नाव लागो वा न लागो, भाडे पाठवत राहावे. पाठवताना 'मूळ भाडेकरू कै. अमुक यांच्या खोलीचे भाडे, पाठवणार त्यांची पत्नी किंवा मुलगा अमुक' असे लिहावे. भावाभावांचा हिस्सा नंतर बसून ठरवता येतो. खोलीच गेल्यावर वाटणी कशाची करणार? आणि आईला यात विसरू नये. नवऱ्याबरोबर आयुष्यभर त्या खोलीत राहिलेली तीच असते, आणि नाव लावायची वेळ आली की तिची सही तेवढी मागतात.

नोटिशीत थकबाकीबरोबर इतर आरोप घातलेले असतील तर नुसते भाडे भरून भागत नाही. पोटभाडेकरू ठेवला, परवानगीशिवाय पक्के बांधकाम केले, सहा महिने सलग जागा वापरली नाही, मालकाला स्वतःला जागेची गरज आहे, अशी कारणे कलम १६ मध्ये आहेत. त्या प्रत्येकाला वेगळे उत्तर द्यावे लागते. गावी आईवडिलांच्या आजारपणासाठी गेलेल्यांनी खोलीला कुलूप लावताना एवढे ध्यानात घ्यावे. सबळ कारण असेल तर ते मांडता येते, पण दवाखान्याचे कागद, लाईट बिले जपलेली हवीत.

दरम्यान मालकाने नळ तोडला, जिन्यातला दिवा काढला, वीज बंद केली, तर कलम २९ खाली कोर्टाकडून ती चालू करून घेता येते. गुंड आणून सामान रस्त्यावर टाकले तर पोलिसांत तक्रार द्यावीच. शिवाय १९६३ च्या विशिष्ट दिलासा कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो. आणि मालक गोड बोलून कागद पुढे करील तेव्हा जास्त सावध राहावे. "थकबाकी माफ करतो, फक्त या नव्या करारावर सही करा" असे म्हणून जुन्या भाडेकरूला लिव्ह अँड लायसन्सच्या कागदावर आणले जाते. ती एक सही झाली की वर सांगितलेल्या कलम १५ चे छत्र डोक्यावरून जाऊ शकते.

लिव्ह अँड लायसन्सवर, ११ महिन्यांच्या करारावर राहणारी तरुण कुटुंबे आता आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी हे नव्वद दिवस आपले समजू नयेत. त्यांचा व्यवहार करारातील अटींवर चालतो, म्हणून थकलेल्या भाड्याबद्दल आणि डिपॉझिटबद्दल करारात काय लिहिले आहे ते सहीपूर्वी वाचावे. मुदत संपल्यावर जागा न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते आणि ताब्याचे प्रकरण सक्षम प्राधिकाऱ्यापुढे जाते. तेथले समन्स आले तर तीस दिवसांत प्रतिज्ञापत्र करून बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते. करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी कलम ५५ प्रमाणे मालकाची आहे. नोंदणी केली नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

सरकारच्या किंवा महापालिकेच्या मालकीच्या घरांना हा कायदाच लागू नाही. बीडीडी किंवा बीआयटी चाळीतील रहिवाशांना नोटीस आली तर ती वेगळ्या कायद्याखालची असते, तेव्हा ज्या ऑफिसची नोटीस असेल तेथे लगेच जावे. घोषित झोपडपट्टीत भाड्याने राहणाऱ्यांना मात्र १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याच्या कलम २२ चे संरक्षण आहे. सक्षम प्राधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय त्यांच्यावर घर खाली करण्याचा किंवा थकलेल्या भाड्याचा दावा लावता येत नाही.

वकिलाच्या फीचे काय, हा प्रश्न उरतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो. १९९० पासून बौद्ध धर्मांतरितही अनुसूचित जातीत येतात, तेव्हा जातीचा दाखला काढलेला असावा. कोणत्याही स्त्रीलाही, जात वा उत्पन्न न पाहता, ही मदत मिळते. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याला विधी सेवा समिती असते, दोन्ही कोर्टाच्या आवारात सापडतात. फोनवर विचारायचे असेल तर १५१०० हा क्रमांक आहे. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. नोटीस, भाड्याच्या पावत्या महिन्यांच्या क्रमाने लावून, परत आलेल्या मनीऑर्डरी, बँकेचा उतारा, रेशनकार्ड, लाईट बिल, मूळ भाडेकरू हयात नसेल तर त्याचा मृत्यूचा दाखला, आणि एका कागदावर कोणत्या महिन्याचे भाडे दिले, कोणत्या महिन्याचे राहिले याची यादी, हे सर्व एका पिशवीत न्यावे. पाठीवर तारीख लिहिलेला तो लिफाफा सगळ्यांत वर ठेवावा, कारण वकील पहिल्यांदा तोच मागेल.